पाळी सुटल्यानंतरचा वर्ग

सुरत शहराच्या दक्षिण अंगाला, उधना आणि पांडेसरा यांच्या शेजारी बमरोली नावाचा भाग आहे. एके काळचे हे खेडे आज यंत्रमागांच्या खडखडाटाने भरून गेले आहे. माग येथे सहसा थांबत नाहीत. मागापुढील माणसे तेवढी बदलतात. बारा तासांची एक पाळी संपते, दुसरी सुरू होते, आणि त्या सांध्यावर माणसांचा एक लोंढा कारखान्यांतून बाहेर पडतो व दुसरा आत शिरतो. ओडिशा, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेल्यांच्या या गर्दीत मराठी बोलणारेही पुष्कळ आहेत. धुळे, नंदुरबार आणि जळगाव या जिल्ह्यांतून उधन्याकडे जाणाऱ्या लोहमार्गाने सुरतेस आलेली ही कुटुंबे. त्यांतील कित्येकांची आता दुसरी-तिसरी पिढी तेथे नांदते आहे. घरात अहिराणी, कारखान्यात हिंदी, बाजारात गुजराती आणि देवघरातल्या पोथीत मराठी, असा त्यांचा चौपदरी संसार आहे.

या गर्दीतील एखाद्या पस्तिशीच्या कामगाराची वाचकांनी कल्पना करावी. कशीबशी बारावी झाली आणि बापाचे कोरडवाहू शेत सोडून तो सुरतेस आला. आज त्याला पदवी घ्यावीशी वाटते. कशाला, असे कोणी विचारील. पदवीवाचून देखरेखीची जागा मिळत नाही म्हणून. मुलगी दहावीला गेली, तिच्या पुस्तकातले आपल्याला काही सांगता येत नाही म्हणून. किंवा केवळ, राहून गेलेली एक गोष्ट मरण्यापूर्वी पुरी करावी म्हणून. ही तिन्ही कारणे आम्हांस सारखीच आदरणीय वाटतात. परंतु हा गृहस्थ महाविद्यालयाच्या दाराशी जातो तेव्हा त्याला काय आढळते? वर्ग सकाळी, म्हणजे रात्रपाळी करून आलेल्याच्या झोपेच्या वेळी. हजेरी पाऊणशे टक्के, म्हणजे पगारावर पाणी. आणि शिक्षक त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण संबोधन मात्र ‘तू’! वर्ष सरण्यापूर्वीच तो नाहीसा होतो आणि त्याच्या नावापुढे ‘गळती’ असा शेरा पडतो.

आमच्या किनाऱ्यावरील वाचकांस वाटेल की बमरोलीच्या कामगाराचे आम्हांस काय? आम्हांस वाटते, पुष्कळ आहे. मालवणच्या मच्छीमार नौकेवरचा खलाशी, कळंगुटच्या हॉटेलातला आचारी, रत्नागिरीच्या आगारातला वाहक, पेडण्याची अंगणवाडी सेविका यांच्यापुढचा प्रश्न तोच आहे. फरक इतकाच, की बमरोलीत तो बारा तासांच्या पाळीमुळे उघडानागडा दिसतो. प्रौढ माणसाला पुन्हा शिकावेसे वाटले तर आपली महाविद्यालये त्याला धरून कशी ठेवणार, हा तो प्रश्न. वर्गातले शिक्षण असो, घरबसल्या मोबाइलवरचे असो, की दोहोंचे मिश्रण असो, प्रश्न बदलत नाही.

प्रौढांना शिकविणे ही आपल्याकडे काल आलेली कल्पना नव्हे. जोतिराव फुल्यांनी १८५५ मध्ये शेतकरी व मजूर यांच्यासाठी पुण्यात रात्रीची शाळा काढली, तेव्हा त्यांनी प्रथम एकच गोष्ट ओळखली होती: दिवस हा मजुराच्या मालकाचा असतो, शाळेने रात्र मागावी. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले तेव्हा नोकरी करणाऱ्या तरुणांसाठी सकाळचे वर्ग ठेविले. तेथे दिवस कचेरीचा होता, म्हणून महाविद्यालयाने सकाळ मागितली. एकाने रात्र घेतली, दुसऱ्याने सकाळ. दोघांचे सूत्र एकच, की विद्यार्थ्याच्या घड्याळाकडे पाहून शाळेची घंटा बांधावी. आज आपण नेमके उलट करीत आहो. घंटा आधी वाजते आणि विद्यार्थी आला नाही म्हणून तक्रार मागाहून होते.

खानदेशाच्याच भूमीत घडलेले एक उदाहरण या संदर्भात आठवल्यावाचून राहवत नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक, अशी ती अठरा प्रवचने झाली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली म्हणून आज आपल्या हाती आहेत. त्या वर्गाकडे शिक्षणाच्या दृष्टीने पाहा. श्रोते प्रौढ, नाना थरांतले, दिवसभर सक्तीच्या कामाला जुंपलेले. तास आठवड्यातून एकच. पण तो ठरलेला, चुकणारा नव्हे. विषय गहन, पण भाषा माउलीची आणि दाखले शेताचे, चुलीचे, चरख्याचे. आणि बोललेले कागदावर उतरवून घेण्याची व्यवस्था, म्हणजे ज्याला त्या दिवशी उमगले नाही त्याने मागाहून वाचावे. आज ज्याला ‘मिश्र अध्यापन’ असे भारदस्त नाव मिळाले आहे, त्याचे सारे मर्म या तुरुंगातल्या रविवारात आहे.

गाडगेबाबांचे कीर्तन ज्यांनी ऐकले, किंवा ऐकणाऱ्यांकडून ज्यांनी ऐकले, त्यांना दुसरे मर्म ठाऊक आहे. बाबा सांगत थोडे आणि विचारीत फार. समोरच्या निरक्षर समुदायाला ते साधे साधे प्रश्न टाकीत. माणसे उत्तरे देत. त्या उत्तरांच्या पायऱ्यांवरूनच ते त्यांना कर्ज, नवस, दारू, अस्वच्छता यांविषयीच्या निष्कर्षापर्यंत चढवीत. ब्राझीलचे पावलो फ्रेरे यांनी पुढे जगाला सांगितले की शिकणारा म्हणजे शिक्षकाने ठेवी टाकावयाची पेढी नव्हे. अमेरिकेचे माल्कम नोल्स यांनी मांडले की प्रौढाला आधी ‘हे कशासाठी’ ते कळावे लागते आणि तो आपला अनुभव बरोबर घेऊनच वर्गात येतो. हे विचार मोलाचे खरेच. पण ज्या मुलखात कीर्तनकाराने श्रोत्याला बोलते केले, तेथील प्राध्यापकांना ते परके वाटावयाचे कारण नाही.

हा अनुभव म्हणजे काय, हे बमरोलीच्या कामगाराकडेच पाहून कळेल. त्याची मजुरी बहुधा मीटरमागे ठरते. कोणत्या मागावर, कोणत्या सुताचे, किती मीटर कापड निघाले. धागा तुटून माग किती वेळ उभा राहिला. डागी कापडाची किती कपात झाली, हा हिशेब तो रोज मनात करतो. त्याच्या बायकोकडे घरी साड्यांवर टिकल्या-खडे लावण्याचे नगावरचे काम असेल, तर तिचाही असाच हिशेब असतो. अशा माणसासमोर प्राध्यापकाने सरासरीची व्याख्या फळ्यावर लिहिली तर तो ती उतरवून घेईल आणि विसरेल. त्याऐवजी ‘गेल्या तीन महिन्यांच्या तुमच्या मजुरीची सरासरी काढा आणि कोणता आठवडा सर्वांत वाईट गेला, का गेला, ते सांगा’ असे विचारले तर? संख्याशास्त्र, अर्थशास्त्र आणि कामगार कायदा हे तिन्ही विषय त्या एका प्रश्नातून वर्गात येऊन बसतील. इतिहासाच्या तासाला गाव सोडून सुरतेस कोण, केव्हा, का आले, एवढे जरी प्रत्येकाने आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणले, तरी स्थलांतराच्या इतिहासाचे एक चांगले प्रकरण तयार होईल.

जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचे नाव देण्यात आले. आयुष्यात ज्यांनी अक्षर गिरविले नाही, त्यांचे नाव आज तेथील प्रत्येक पदवीपत्रावर छापले जाते. याचा अर्थ आपण नीट घ्यावयास हवा. निरक्षरता चांगली, असा तो अर्थ मुळीच नव्हे. शाळेच्या बाहेरही ज्ञान साठत असते आणि विद्यापीठाने त्याला नमस्कार केला पाहिजे, असा तो अर्थ आहे. नाव देऊन नमस्कार झाला. वर्गात तो कधी होणार?

आता साधनांकडे वळू. २०२० च्या साथीत सारी महाविद्यालये मोबाइलच्या पडद्यावर आली आणि अनेकांना वाटले की प्रौढांचा प्रश्न सुटला. रात्री अकरा वाजता व्याख्यान ऐकता येते, मग अडचण कसली? अडचण अशी की ऐकता येणे आणि ऐकणे यांत अंतर असते. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतील नामवंत संस्थांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदविणाऱ्यांपैकी अभ्यासक्रम पुरा करणारे सुमारे ३ टक्के होते. ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरून मनाशी निश्चय केला होता, त्यांच्यात मात्र हे प्रमाण निम्म्याच्या जवळपास गेले. जगातील उत्तम शिक्षक, उत्तम साधने, आणि तरीही ही स्थिती. पडदा दार उघडतो. आत बसवून घेण्याचे काम त्याच्याने होत नाही. त्यासाठी निश्चय लागतो, आणि थकलेल्या माणसाचा निश्चय टिकवावयाला दुसरे माणूस लागते.

इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाने १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी घेतले तेव्हा त्याच्या दिमतीला बीबीसीसारखी संस्था होती. तरी त्याने केवळ दूरचित्रवाणीवर भिस्त ठेविली नाही. विद्यार्थ्याची उत्तरे तपासून त्यावर लिहिणारा शिक्षक आणि उन्हाळ्यातील निवासी वर्ग यांची जोड त्याने दिली. आपल्याकडे नाशिकला १९८९ मध्ये यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि राम ताकवले यांच्यासारखा दूरदृष्टीचा पहिला कुलगुरू त्याला लाभला. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. गंगा घरी आणावयाची तर पाटही खणावे लागतात. अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र आणि समजेल अशा मराठीत लिहिलेली पुस्तके हे ते पाट होत. जेथे ते वाहते राहिले, तेथे गिरणी कामगार, पोलीस शिपाई, गृहिणी पदवीधर झाल्या. जेथे संपर्कसत्र केवळ कागदोपत्री उरले, तेथे ब्रीद भिंतीवरच राहिले.

पण बमरोलीची खरी कोंडी येथेच आहे. दूरशिक्षणासाठी राज्याच्या विद्यापीठाने आपल्या राज्याची हद्द ओलांडू नये, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम आहे; २०१३ पासून तो कसोशीने पाळला जातो. पदव्यांचा बाजार मांडणाऱ्या काही संस्थांनी देशभर दुकाने थाटली होती, त्यांना आळा घालण्यासाठी तो आवश्यकच होता. परंतु त्यामुळे नाशिकच्या विद्यापीठाचे दूरशिक्षण नंदुरबारपर्यंत येऊन थांबते. अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ गुजरातच्या गरजेप्रमाणे गुजरातीवर भर देणार, हे साहजिक आहे. ज्यांचे शिक्षण सुरतेतच झाले त्यांनी तो मार्ग आनंदाने धरावा. ज्या भूमीत आपण राहतो तिची भाषा ही काही परकी नव्हे. पण ज्याचे शिक्षण दोंडाईच्याला किंवा अमळनेरला मराठीत झाले, त्याने पस्तिशीत कोणत्या भाषेत उत्तरपत्रिका लिहावी? सुरत महानगरपालिका प्राथमिक शाळा मराठीतूनही चालविते, ही तिची उदारता. पुढची वाट मात्र फार अरुंद आहे.

या कोंडीत एक फट आहे. आयोगाच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन अभ्यासक्रमांना राज्याच्या हद्दीचे बंधन नाही. म्हणजे मराठी माध्यमातील पदवीचे रीतसर मान्यता घेतलेले अभ्यासक्रम महाराष्ट्रातील विद्यापीठांनी ऑनलाइन चालविले, तर ते बमरोलीतही पोचू शकतात, बेळगावातही आणि आखातात नोकरी करणाऱ्या रत्नागिरीकरांपर्यंतही. महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसाविषयी व्यासपीठावरून गहिवरणारे पुष्कळ आहेत. त्यांनी या एका गोष्टीसाठी कंबर कसली तर त्यांच्या गहिवराला अर्थ येईल.

मात्र वर सांगितलेली ३ टक्क्यांची गोष्ट ध्यानात ठेवूनच हे करावयास हवे. पडद्यावरच्या वर्गाला जमिनीवरचा सोबती हवा. बमरोली-पांडेसऱ्याच्या परिसरात मराठी मंडळांची गणेशोत्सवात जी उभारी दिसते, तिचा एक अंश रविवारच्या दोन तासांना मिळाला तरी काम होईल. एखादी शाळेची खोली, एक फळा, इंटरनेटची जोडणी आणि निवृत्त शिक्षकांपैकी एक-दोघे एवढ्यावर अभ्यासमंडळ चालू शकते. ते विद्यापीठाचे केंद्र नसेल, त्याने प्रमाणपत्रे वाटू नयेत, पैसेही घेऊ नयेत. त्याने एवढेच करावे की आठवडाभर मोबाइलवर ऐकलेले रविवारी एकमेकांना समजावून सांगावे, अडलेले विचारावे, आणि जो दोन रविवार आला नाही त्याच्या खोलीवर जाऊन ‘का हो, बरे आहे ना?’ एवढे विचारून यावे. हे शेवटचे काम कोणत्याही यंत्राला जमणारे नाही, आणि गळती थांबविण्याचा याहून स्वस्त उपाय आम्हांस तरी ठाऊक नाही.

महाविद्यालयांकडूनही आमची काही मागणी आहे. आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा मसुदा काढला आणि अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन, उरलेला वर्गात, अशी वाटणी सुचविली. टक्क्यांवर वाद घालण्यात अर्थ नाही. कोणता भाग कोठे, हा खरा विचार आहे. जे पुन्हा पुन्हा ऐकावे लागते, व्याख्या, रीत, सोडविलेली उदाहरणे, ते दहा-पंधरा मिनिटांच्या लहान पाठांत मोबाइलवर द्यावे; तेही असे की फोनवर साठवून नंतर ऐकता येईल, कारण कित्येक घरांत फोन एक आणि विद्यार्थी तीन असतात. वर्गातला मोलाचा वेळ मात्र चर्चेला, शंकांना आणि लिहिण्याच्या सरावाला राखावा. ज्याने दहा मैलांवरून येऊन दोन तास काढले, त्याला वर्गात पुस्तक वाचून दाखविणे हा त्याचा अपमान आहे. पहिली लेखी चाचणी पहिल्याच महिन्यात, लहानशी घ्यावी आणि आठवड्याच्या आत शेऱ्यासह परत करावी. वीस वर्षांनी हाती लेखणी धरणाऱ्याला आपले कितपत जमते आहे हे लवकर कळले, तर त्याचा धीर टिकतो.

वेळापत्रकाला माणसांच्या जीवनाचा विसर पडता कामा नये. खानदेशी कुटुंबे अखाजीला गावाकडे जातात. त्याच आठवड्यात सुरतेत परीक्षा ठेवली तर दोष कोणाचा? आमच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. एकसष्ट दिवस खलाशी किनाऱ्यावर असतो. याच दिवसांत त्याच्यासाठी सलग वर्ग भरविता येणार नाहीत काय? पर्यटनाचा हंगाम पावसाळ्यात मंदावतो, तेव्हा हॉटेल कामगारांसाठी तसेच. उरलेले दहा महिने मोबाइल आणि हे दोन महिने वर्ग, अशी वाटणी कोकणात आणि गोव्यात सहज बसेल. मिळविलेले गुण जमा ठेवणारी श्रेयांक पेढी २०२१ पासून अस्तित्वात आली आहे. मध्येच काम बदलले, गाव बदलले, तरी केलेला अभ्यास वाया न जाता पुन्हा तेथून पुढे जाण्याची ती सोय आहे. प्रवेशाच्या दिवशीच प्रौढ विद्यार्थ्याला ही गोष्ट समजावून सांगितली पाहिजे.

यावर ठरीव आक्षेप येईल की अशाने दर्जा घसरेल. आक्षेप गंभीर आहे, म्हणून उत्तरही स्पष्ट हवे. सवलत आणि सोय या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रश्नपत्रिका सोपी करणे ही सवलत. ती आम्ही मागत नाही, आणि स्वाभिमानी कामगारही मागणार नाही. परीक्षेच्या मांडवापर्यंत पोचता यावे म्हणून वेळ, भाषा आणि मार्गदर्शन देणे ही सोय. गडाची उंची कमी करू नका, पण वाटेवरचे दगड तरी उचला, एवढेच आमचे म्हणणे आहे. दर्जाची खरी हानी कोरे वर्ग, भरलेली हजेरीपत्रके आणि न वाचता तपासलेल्या उत्तरपत्रिका यांनी होत असते. तिच्याविषयी मात्र या आक्षेपकांचा कंठ फुटलेला फारसा ऐकू येत नाही.

जाता जाता बमरोलीचीच एक गोष्ट. सुरत महानगरपालिकेने तेथे २०१४ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. शहराने वापरून टाकून दिलेले सांडपाणी शुद्ध करून ते पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविण्याचा हा प्रकल्प दररोज ४ कोटी लिटर क्षमतेचा आहे. देशभरातून त्याची वाखाणणी झाली आणि ती योग्यच आहे. पाण्याचा थेंब फुकट जाऊ नये म्हणून जेथे इतकी बुद्धी, इतका पैसा आणि इतकी चिकाटी खर्ची पडली, तेथे त्याच कारखान्यांच्या दारातून पहाटे बाहेर पडणारा, शिकू इच्छिणारा माणूस फुकट जाऊ द्यावयाचा काय? त्याला दया नको, भाषणही नको. त्याला एक ठरलेला तास हवा, समजणारी भाषा हवी, आणि ‘या, बसा’ म्हणणारे कोणी तरी हवे. पाळी सुटते त्या वेळी जवळपास एखाद्या वर्गाचा दिवा लागलेला असेल, तर वाट तो स्वतः चालून येईल. दिवा लावण्याचे काम तेवढे आपले आहे.